गिनी कोंबडीची अंडी घरी उबविताना

शेतकऱ्याच्या परसात चार-सहा देशी कोंबड्या असणे ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील नेहमीची गोष्ट आहे. काही हौशी कुटुंबे त्यांच्या जोडीला गिनी कोंबड्याही पाळतात. राखी अंगावर मोत्यांसारखे पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा टणक तुरा आणि सतत चालणारा कर्कश ओरडा यांमुळे हा पक्षी पाहणाऱ्याच्या सहज लक्षात राहतो. तो मूळचा आफ्रिकेतील. नाकतोडे, वाळवी, अळ्या व तणांचे बी टिपून तो आपल्या अन्नाचा मोठा भाग स्वतःच मिळवितो आणि अनोळखी माणूस वा जनावर आवारात शिरताच गलका करून घरच्यांना सावध करतो. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या पक्ष्यावर काम करून कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी असे तीन वाण तयार केले आहेत. लहान शेतकऱ्याच्या परसास हा पक्षी योग्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

असे असूनही हौसेने आणलेल्या गिनी कोंबड्या दोन-तीन वर्षांत परसातून नाहीशा झाल्याचे पुष्कळदा दिसते. काही पक्षी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी पडतात, काही उडून जातात आणि त्यांच्या जागी नवी पिल्ले तयार होत नाहीत. कारण विचारले असता, ‘या पक्ष्याची अंडी घरी उबत नाहीत, त्यास यंत्रच पाहिजे’ असे उत्तर मिळते. हे मत चुकीचे आहे. गिनी कोंबडीचे अंडे देशी कोंबडीखाली चांगले उबते. मात्र त्यास कोंबडीच्या अंड्याहून सुमारे सहा दिवस अधिक लागतात, आणि निघालेल्या पिल्लास पहिले पंधरा दिवस कोरडी ऊब लागते. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जे नुकसान होते, त्याचा बोल विनाकारण अंड्यास लावला जातो.

घरीच उबविण्याचे कारण

मोठे पक्षी विकत आणणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तो किफायतीचा नाही. गिनी कोंबडी चांगली उडणारी व काहीशी रानवट स्वभावाची आहे. नव्या जागी एकदम मोकळे सोडलेले प्रौढ पक्षी तेथे रमत नाहीत. संध्याकाळी खुराड्यात येण्याऐवजी ते झाडावर वा घराच्या वळचणीवर जाऊन बसतात आणि एखाद्या दिवशी दूर निघून जातात. त्यांना जागेची सवय लागावी म्हणून दोन-तीन आठवडे कोंडून ठेवणे भाग पडते. त्यानंतरही ते परततीलच अशी खात्री देता येत नाही.

याच्या उलट, ज्या आवारात पिल्लू अंड्यातून बाहेर पडते व देशी कोंबडीमागे फिरून वाढते, ते आवार त्यास आपले वाटते. पाळणाऱ्या कोंबडीबरोबर दिवेलागणीस खुराड्यात येण्याची सवय त्यास लहानपणीच लागते. म्हणून गिनी कोंबड्यांचा कळप परसात टिकवावयाचा असेल, तर अंडी घरी उबविण्याची कला अवगत असलीच पाहिजे. ती नसेल, तर दर दोन वर्षांनी नव्याने पैसे घालून पक्षी आणण्याची पाळी येते आणि अखेर कुटुंब तो नाद सोडून देते.

गिनी मादीवर विसंबू नये

गिनी कोंबडीची मादी अंड्यांवर बसत नाही, असे नाही. पण तिच्या बसण्याचा पाळणाऱ्यास फारसा उपयोग होत नाही. ती कुंपणाच्या कडेस, उंच गवतात वा झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते. एकाच ठिकाणी दोन-तीन माद्या अंडी घालतात आणि पंचवीस-तीस अंडी साठल्यावर एखादी मादी त्यांवर बसते. तोपर्यंत पहिली अंडी जुनी झालेली असतात. रात्रीच्या वेळी उघड्यावर बसलेली ही मादी मुंगूस, कोल्हा वा भटक्या कुत्र्याच्या सहज तावडीत सापडते. त्यातूनही पिल्ले निघाली, तर ती त्यांना पहाटेच्या दवाने भिजलेल्या गवतातून दूरवर नेते, आणि मागे पडलेली पिल्ले गारठून मरतात.

यास्तव माद्या कोठे अंडी घालतात हे हेरून ठेवावे आणि दररोज दुपारनंतर अंडी गोळा करावीत. घरट्यात चार-पाच अंडी खुणेची ठेवल्यास मादी जागा बदलत नाही. खुणेच्या अंड्यांवर कोळशाने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नवी अंडी ओळखता येतात.

खुडूक कोंबडी हेच खरे साधन

देशी कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरची माणसे त्रासतात. तिला पाण्यात बुडविणे, पाय बांधून ठेवणे, नाकपुडीत पीस खुपसणे असे उपाय आजही काही ठिकाणी होतात. अंड्यांसाठीच पाळलेल्या जातींत खुडूकपणा हा दोष मानला जातो, आणि तो निवडीने बराच कमी करण्यात आला आहे. परंतु परसातील देशी कोंबडीत तो गुण आहे. अंड्यांना योग्य उष्णता देणे, ती वरचेवर फिरविणे आणि पिल्लांना पंखाखाली घेणे ही तिन्ही कामे ती वीज वा रॉकेल यांवाचून करते. घाना देशाच्या उत्तर भागात गिनी कोंबड्या घरोघर पाळल्या जातात. तेथील शेतकरीही त्यांची अंडी बहुधा गावठी कोंबडीखालीच उबवितात. ज्या खंडातून हा पक्षी आला, तेथील रीतच आपल्या परसासही लागू पडते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अठ्ठावीस दिवस परक्या अंड्यांवर आणि पुढे दीड-दोन महिने परक्या पिल्लांमागे अडकलेली कोंबडी तेवढ्या काळात स्वतःची अंडी देत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो तोलून पाहावयास हवा. खुडूक झालेली कोंबडी काही काळ तशीही अंडी देत नाही. तिच्याखाली बारा अंडी ठेवून त्यांतून सात-आठ पिल्ले जगली, तर बुडालेल्या दहा-वीस अंड्यांची भरपाई होऊन वर पुष्कळ उरते. पिल्ले मात्र जगली पाहिजेत. ती मेली, तर आक्षेप घेणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरते.

एकवीस व सत्तावीस

आता मुख्य मुद्दा. कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात, हे घरातील लहान मुलासही माहीत असते. गिनी कोंबडीच्या अंड्यास २६ ते २८ दिवस लागतात. हा फरक माहीत नसल्यामुळे वा ठाऊक असूनही धीर न राहिल्यामुळे नुकसान दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार असा. बावीस-तेविसाव्या दिवशी एकही अंडे फुटलेले नाही, हे पाहून घरातील कोणी तरी अंडी उचलून पाहते, हलवून पाहते, एखादे फोडून पाहते, आणि ‘सगळी अंडी वाया गेली’ असे म्हणून ती उकिरड्यावर टाकते. फोडलेल्या अंड्यात पुरते वाढलेले, चार-पाच दिवसांनी बाहेर येणारे पिल्लू असते. ते मेलेलेच होते, असा समज करून घेतला जातो. कोंबडी स्वतः दिवस मोजीत नाही. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श आहे आणि पिल्लांचा आवाज आलेला नाही, तोवर तिच्या शरीरातील खुडूकपणा सहसा टिकून राहतो. एकविसाव्या दिवशी धीर सुटतो तो पाळणाऱ्याचा. म्हणून कोंबडी बसविलेल्या रात्रीची तारीख दिनदर्शिकेवर वा भिंतीवर लिहून ठेवावी. समजा, २५ मार्चच्या रात्री कोंबडी बसविली. २६ मार्च हा पहिला दिवस धरला, तर १५ एप्रिलला एकवीस दिवस होतात. त्या दिवशी काहीही अपेक्षू नये. पिल्ले २० ते २२ एप्रिलच्या सुमारास निघतील, आणि २४ एप्रिलपर्यंत एकही अंडे टाकू नये.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. कोंबडीखाली जागा आहे म्हणून पाच-सहा गिनीची अंडी आणि पाच-सहा कोंबडीची अंडी एकत्र ठेवली जातात. एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्ले बाहेर येतात, आणि आणखी एक-दोन दिवसांत ती आई त्यांना घेऊन दाणे शोधावयास बाहेर पडते. मागे राहिलेली गिनीची अंडी, आतील जीव वाढत असतानाच, थंड पडतात. गिनीची अंडी सहा-सात दिवस आधी ठेवून मग कोंबडीची अंडी घालावीत, असा तोडगा काही जण सांगतात. हिशेबाने तो बरोबर आहे. पण गिनीची पिल्ले सर्व एकाच दिवशी निघत नाहीत, आणि घरच्या धांदलीत असा दुहेरी हिशेब क्वचितच पाळला जातो. एका कोंबडीखाली एकाच जातीची व एकाच वेळी ठेवलेली अंडी असावीत, हा नियम सोपा आहे आणि तोच पाळावा.

अंडी न उबण्याची इतर कारणे

दिवसांचा हिशेब पाळूनही अंडी उबली नाहीत, तर दोष कळपात असू शकतो. गिनी कोंबडीचा नर व मादी दिसण्यात जवळजवळ सारखे असतात. बाजारातून आणलेले चारही पक्षी माद्या निघाल्या, तर त्यांची अंडी कितीही उबविली तरी फुकट. ओळख आवाजावरून पटते. साधारण दोन महिन्यांनंतर मादी दोन अक्षरी साद वारंवार घालते, नर मात्र एकच अक्षर तोडून तोडून ओरडतो. घाबरल्यावर मादीही एकाक्षरी ओरडते. म्हणून पक्षी शांत असताना काही वेळ ऐकून मगच निश्चित करावे. नराच्या गालाखालील लोंबते कल्ले अधिक मोठे असतात. चार ते पाच माद्यांमागे एक नर असावा.

दुसरे कारण साठवणीचे. उबविण्यासाठी ठेवावयाचे अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. सुमारे २१ अंश सेल्सियसच्या वर अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि पुढे दुबळा होऊन मरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेली अंडी अशीच नासतात. घरच्या शीतकपाटातील थंडी उलटपक्षी फार होते. ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मडके, त्यात कोरडा भुसा, आणि भुशात टोक खाली करून ठेवलेली अंडी ही व्यवस्था स्वस्त व पुरेशी आहे. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे, अंड्यांना मात्र ओल लागू देऊ नये. मळलेली अंडी धुऊ नयेत, ती खाण्याकडे वापरावीत. फार लहान, वेडीवाकडी वा तडकलेली अंडीही बाजूस काढावीत.

कोंबडी बसविण्याची रीत

कोंबडी खरी खुडूक झाली की नाही, हे दोन दिवस खुणेच्या अंड्यांवर बसवून पाहावे. जी आधीच दोन-तीन आठवडे बसून राहिली आहे, ती निवडू नये. तिची ताकद अठ्ठावीस दिवस पुरणार नाही. पाटीच्या तळाशी ओलसर मातीचा थर, त्यावर मऊ पेंढा, अशी बैठक काळोख्या व शांत कोपऱ्यात करावी. गिनीच्या अंड्याचे कवच जाड असते, आणि कोरड्या हवेत आतील पापुद्रा वाळून पिल्लास बाहेर पडणे कठीण जाते. त्यासाठी हा ओलावा उपयोगी पडतो. उवा असल्यास कोंबडी महिनाभर स्थिर बसत नाही. बसविण्यापूर्वी तिचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावा. देशी कोंबडी लहान चणीची असल्याने तिच्याखाली बारा ते पंधरा अंडी पुरेत. अंडी रात्री ठेवावीत.

दररोज एकदा कोंबडी उठून दाणा-पाणी घेईल, अशी सोय जवळच असावी. ज्वारी वा मका यांचे अख्खे दाणे तिला पुरतात. ती आपण होऊन उठत नसेल, तर तिला अलगद उचलून पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावे. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रात्री अंधारात बॅटरीच्या प्रकाशावर अंडी पाहावीत. जाड व तपकिरी कवचामुळे आत लवकर काही दिसत नाही. म्हणून सातव्याच दिवशी घाई करू नये. जे अंडे पूर्ण स्वच्छ दिसेल तेवढेच काढावे, शंका असेल ते ठेवावे. चोविसाव्या दिवसानंतर अंड्यांस हात लावू नये.

यंत्र कोणी घ्यावे

लहान उबवणी यंत्रे आता सहज मिळतात, आणि ती घेण्याचा मोह होतो. ज्याच्याकडे एका वेळी पन्नासांहून अधिक अंडी साठतात, वीज गेल्यास दुसरी सोय आहे व दिवसातून तीन-चार वेळा लक्ष देणारे माणूस आहे, त्याने यंत्र अवश्य घ्यावे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सियस, आणि पंखा नसलेल्यात अंड्याच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ अंश उष्णता राखावी. आर्द्रता आरंभी ५५ ते ६० टक्के असावी. चोविसाव्या दिवसानंतर अंडी फिरविणे बंद करून ती ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी व झाकण वारंवार उघडू नये. परंतु ज्याच्याकडे बारा-पंधरा अंडी आहेत, त्याने यंत्रासाठी पैसे घालणे हा उधळेपणा होय. शिवाय यंत्र पिल्लू बाहेर काढून देते, पुढे त्यास सांभाळीत नाही. खरी कसोटी तर तेथूनच सुरू होते.

पहिले पंधरा दिवस

गिनीचे पिल्लू मोठे झाल्यावर काटक असते, पण जन्मतः फार नाजूक असते. ते भिजले की गारठते आणि गारठले की तासाभरातच दगावू शकते. म्हणून पहिले पंधरा दिवस कोंबडी डालग्याखाली, कोरड्या छपरात ठेवावी. तिला पिल्लांसह मोकळे सोडल्यास ती सवयीने सकाळीच दवाच्या गवतात जाते आणि एकेक पिल्लू मागे पडते. पुढेही ऊन चांगले वर आल्यावरच त्यांना बाहेर काढावे. कोंबडी नसल्यास दिव्याची ऊब द्यावी. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटी करू लागली तर ऊब कमी आहे, आणि कडेला पळू लागली तर जास्त आहे, असे समजावे.

पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे घालावेत. ते न घातल्यास पिल्ले बशीभर पाण्यातही बुडून मरतात. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. म्हणून खाली गोणपाट अंथरावे. त्यांच्या खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिने लागतात. केवळ तांदळाची कणी घालून ती वाढत नाहीत. पिल्लांचे तयार खाद्य मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास भरड्यात शेंगदाणा पेंड, सुकटीची पूड व उकडलेल्या अंड्याचा चुरा मिसळावा, वर थोडी वाळवी द्यावी. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने टोचून वा पाजून घ्यावी.

हंगामाचा विचारही येथेच करावा. गिनीच्या माद्या साधारण मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत अंडी देतात. पहिल्या काही दिवसांची अंडी वगळून मार्चअखेरीस कोंबडी बसविली, तर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पिल्ले सहा आठवड्यांची होतात आणि अंगावर पिसे आलेली असतात. ऐन पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पक्के छप्पर नसताना पिल्ले काढणे म्हणजे ती हकनाक मारणे होय. त्या दिवसांतील अंडी घरी खावीत वा विकावीत.

प्रचार कशाचा व्हावा

परसातील कोंबड्यांचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडे असते, आणि अंड्या-पिल्लांचे चार पैसेही त्यांच्याच हातात राहतात. एका रवणातील बारा अंडी वाया जाणे ही कागदावर लहान बाब दिसेल. पण त्या पैशांतून मुलाची वही वा दवाखान्याचा खर्च निघावयाचा असतो. अशा स्त्रीस यंत्राची चित्रे दाखवून किंवा वाणांची नावे पाठ करवून फारसे साधत नाही. एका कोंबडीखाली एकाच जातीची अंडी, भिंतीवर लिहिलेली तारीख, तिसाव्या दिवसापर्यंत धीर आणि पंधरा दिवस कोरडे डालगे, एवढ्या चार गोष्टी तिच्यापर्यंत पोहोचविणे हे विस्तारकार्य करणाऱ्यांचे पहिले काम आहे. त्यांस खर्च जवळजवळ काहीच नाही. गावातील एखाद्या घरी येत्या मार्चमध्ये अशी एक कोंबडी बसवून दाखविली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारणींना पिल्ले पाहावयास बोलाविले, तर ‘गिनीची अंडी उबत नाहीत’ हे म्हणणे त्या गावापुरते तरी कायमचे बंद होईल.